पटकीची साथ आणि भिमाजीचं घंगाळ

भिमाजी कुणावर विश्वास ठेवत नसे. दूधवाला आला की दुधात बोट बुडवून थेंब नखावर धरायचा. थेंब घसरला की दूध परत. सरपणाची मोळी घेताना ती उचलून जमिनीवर आपटायचा आणि आत ओलं लाकूड घातलंय का ते आवाजावरून सांगायचा. गुळाची ढेप फोडून मधला खडा चाखायचा. कडेला सगळेच चांगला गूळ ठेवतात, असं त्याचं म्हणणं.

काष्टी स्टेशनाकडून गावात येताना बाजारतळाच्या कडेला त्याचं हॉटेल होतं. चार खांब, वर पत्रे, तीन बाजूंनी कुडाची भिंत, मातीची भट्टी आणि दोन बाकडी. चहा, भजी, शेव मिळायची. बाजाराच्या दिवशी भाकरी आणि आमटीही असायची. स्वयंपाक त्याची बायको दगडाबाई करायची. कामाला माणूस ठेवला नव्हता. ठेवला असता तर भिमाजीचा निम्मा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवण्यातच गेला असता.

मी तेव्हा रेल्वेच्या गँगमध्ये होतो. रुळाखालची खडी ठोकून घट्ट करायची, रुळाखालचे कुजलेले लाकडी स्लीपर बदलायचे, हे आमचं काम. आम्ही अकरा जण होतो. माझ्या आजोबांनी मिशनचा धर्म घेतला होता, म्हणून माझं नाव दानीएल. गँगमध्ये आठ ख्रिस्ती आणि तिघे महारवाड्यातले. भिमाजीच्या हॉटेलाला हा फरक माहीत नव्हता. आम्हा अकरा जणांचे अकरा कप बाहेर कुडाला खिळ्यांवर टांगलेले असत. एकालाही कान नव्हता.

रीत अशी होती. आपला कप आपण काढायचा आणि दगडावर ठेवायचा. भिमाजी वरून चहा ओतणार. किटली कपाला लागता कामा नये. पिऊन झालं की राखेनं कप घासायचा. दगडाबाई तांब्यानं वरून पाणी सोडणार, त्या धारेखाली तो धुवायचा आणि उन्हात पालथा घालायचा. सकाळी एकदा, दुपारी एकदा. चहा चांगला असायचा, म्हणून जायचो. दुसरं हॉटेल नव्हतं, हेही खरं.

पंचेचाळीस साली श्रावणात पटकी आली. लढाईचे दिवस होते. साखर रेशनवर होती, चहा गुळाचा चालला होता. खर्ड्याकडचा एक बैलांचा व्यापारी बाजाराच्या दिवशी हॉटेलात बसला, चहा प्यायला, बाहेर उकिरड्याकडे दोनदा जाऊन आला आणि तिसऱ्यांदा उठताच आडवा पडला. त्याला गाडीत घालून नेलं. पुढं त्याचं काय झालं कळलं नाही. चार दिवसांत गावात सात जणांना जुलाब-ओकारी सुरू झाली. तिघे गेले. त्यात लंकाबाईचा नवरा होता. लंकाबाई बाजारात भाजी विकायची. तिचा नवरा टोपल्या वाहायचा आणि दमला की भिमाजीकडे चहा प्यायचा.

सातही जण त्या दिवशी हॉटेलात चहा प्यायले होते. हे आधी आप्पासाहेबांनी बोलून दाखवलं. आप्पासाहेब गावातले मोठे बागायतदार. त्यांच्या जावयाला त्याच जागेवर हॉटेल काढायचं आहे, असं लोक म्हणत. खरं-खोटं मला ठाऊक नाही. पण साथ आल्यापासून ते रोज हॉटेलासमोर येऊन उभे राहायचे. त्याआधी कधी आले नव्हते.

मी दगडावर बसून चहा पीत होतो तेव्हाच ते आले.

"भिमाजी, रोग कुठनं आला सांगू का?"

"सांगा की."

"ही रुळावरची मानसं. आज दौंड, उद्या नगर. कुनाकुनाचं पानी पित्यात, कुठं कुठं बसत्यात. आन् त्यांचे कप तुझ्या कुडाला."

"त्यांचे कप येगळे हायेत, आप्पासाहेब."

"कुड तर तुझाच हाय ना? रोग काय खिळ्याला इचारून बसतुया?"

भिमाजीनं माझ्याकडे पाहिलं. दुधाचा थेंब पाहायचा तसंच पाहिलं. मी कप खाली ठेवला.

"दानेल, आजपासनं तुमी लोकांनी इकडं यायचं न्हाई."

"आमच्यातला एक तरी आजारी हाय का मालक?"

"आज न्हाई. उद्याचं कोन सांगावं?"

त्यानं कप खिळ्यांवरून काढले. हातानं नाही, काठीनं. एकेक खाली पाडला आणि दगडानं फोडला. अकरा कप फुटेपर्यंत आप्पासाहेब उभे होते. दगडाबाई भट्टीमागून बघत होती. ती एवढंच म्हणाली, "चांगल्या कपांची माती केली."

घरी येऊन मी मार्थाला, माझ्या बायकोला, हे सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. साथीत बाहेरचा चहा कशाला?" मीही तेच मनाशी म्हणालो. पण अकरा माणसांना रोग पसरवणारे ठरवलं होतं, ते डोक्यातून जाईना. गँगमध्ये काम करणाऱ्याला एक सवय लागते. रूळ खचला तर मोठ्यानं बोलणाऱ्याचं ऐकायचं नाही. वाकून खाली बघायचं.

पुढच्या बाजाराला निम्मीच माणसं आली. आम्ही हॉटेलाकडे फिरकलोही नाही. तरी आणखी पाच जण पडले. पाचही जण हॉटेलात, आत बाकड्यावर बसून चहा प्यायलेले. एक बाई गेली.

मग नगरहून सॅनिटरी इन्स्पेक्टर आले. चावडीत सगळ्यांना टोचलं. माझा दंड दोन दिवस वर होईना. विहिरीत लाल औषध पडलं. बाजार बंद झाला. हॉटेलाला त्यांनी बाहेरून कुलूप घातलं आणि सांगितलं, "गुरुवारी परत येतो. रोग तुमच्याकडं कसा पसरला ते कळलं आणि दुरुस्त झालं, तर उघडेन. नाही कळलं, तर परवाना रद्द."

भिमाजीकडे हॉटेलाशिवाय काही नव्हतं. जमीन नव्हती, दुसरा धंदा येत नव्हता. आता तो सगळ्यांवरच संशय घेऊ लागला. दूधवाल्याच्या घरी जाऊन त्यानं म्हैस पाहिली, हरभऱ्याचं पीठ दळणाऱ्याचं जातं पाहिलं. आप्पासाहेबांनीच काही घातलं असेल असंही एकदा म्हणाला, पण हळू आवाजात.

मंगळवारी संध्याकाळी काम सुटल्यावर मी त्याच्या घरी गेलो. अंगणाबाहेर उभा राहिलो.

"काय हाय?"

"इचारायचं हुतं. आमी अकरा जन तुमचाच चहा प्यालो. तेच दूध, तोच गूळ, तेच विहिरीचं पानी. आमाला काय झालं न्हाई. आमी यायचं बंद झालं, तरी आतली मानसं पडली. मग आत असं काय हाय, जे बाहेर न्हाई?"

"तुला कुनी धाडलं?"

"कुनी न्हाई."

"आप्पासाहेबांनी?"

"त्यांनी मला धाडलं असतं तर ह्यो सवाल घिऊन धाडलं असतं का?"

तो म्हणाला, "तुमची हाडंच तशी असतील. रुळावरची."

"हाडं न्हाईत मालक. तुमी आतले कप कसे धुता?"

"घंगाळात बुडवितो. पुसतो. समदे तसंच करत्यात."

"घंगाळ कवा भरता?"

"सकाळी."

"आन् रिकामं?"

तो दाराकडं वळला. दगडाबाई दारात येऊन उभी होती. तिनंच सांगितलं.

"सांच्याला. अवं, खोटं कशाला बोलायचं? कमी झालं की वरून तांब्या घालता तुमी."

विहीर ओढ्यापलीकडं होती. हॉटेलापासून दोनशे ऐंशी पावलं, मी नंतर मोजली. भिमाजी कावडीनं दोन डबे आणायचा, दिवसाला चार खेपा. तेवढ्यात चहा, स्वयंपाक, प्यायचं पाणी आणि कप. बाजाराच्या दिवशी दोनशे माणूस चहा प्यायचं आणि दोनशे कप त्या एका घंगाळात बुडायचे. दूधवाल्याच्या दुधात पाणी किती, हे तो रोज बघत होता. स्वतःच्या पाण्यात काय आहे, ते बघायला कधी वाकला नव्हता. आमच्या कपांना हात लावायचा नाही म्हणून आम्हाला वाहती धार मिळाली, राख मिळाली, ऊन मिळालं. आतल्यांना मान होता. त्यांना एकमेकांचं पाणी मिळालं.

"पटत न्हाई," भिमाजी म्हणाला. "पानी तर साफ दिसतं."

दगडाबाई घरात गेली. तिनं घरातलं तसलंच एक घंगाळ ओढत अंगणात आणलं, पाण्यानं भरलं, एका कपाला आतून तुपात कालवलेली हळद चोळली आणि नवऱ्यापुढं धरला.

"बुडवा. रोज बुडविता तसा."

त्यानं बुडवला, झटकला, फडक्यानं पुसला. मग तिनं घरातले सगळे कप एकामागून एक त्याच्या हातात दिले. विसेक झाले असतील. पाणी जरा पिवळट दिसलं, एवढंच. शेवटचा कप तिनं एका पांढऱ्या फडक्यानं आतून पुसला आणि फडकं त्याच्यापुढं पसरलं. पिवळा डाग होता.

"ही हळद हाय," ती म्हणाली. "दिसती तरी."

भिमाजीनं ते फडकं घडी घालून हातात ठेवलं. मग त्यानं मला विचारलं, "तू कुनाला बोललास का?"

"अजून न्हाई."

"नको बोलू. गुरुवारपर्यंत नको."

मला ते आवडलं नाही. घरी जाताना मी मनाशी हिशेब मांडला. त्याला दोन वाटा होत्या. आमचे कप फोडले, आम्हाला हाकललं, आता हॉटेल चोख आहे, असं तो इन्स्पेक्टरला सांगू शकत होता. आप्पासाहेब मान डोलावणार, गाव मान डोलावणार. घंगाळ गुपचूप फेकून दिलं की झालं. दुसरी वाट म्हणजे चावडीत उभं राहून चार मेलेल्या माणसांचं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेणं. मी त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं, याची मला खात्री नव्हती. म्हणून त्याचीही नव्हती.

गुरुवारी गँगला अर्धी सुट्टी मागून मी चावडीच्या पायरीखाली जाऊन उभा राहिलो. लंकाबाई एका बाजूला बसली होती. इन्स्पेक्टरांनी विचारण्याआधीच आप्पासाहेब बोलले.

"साहेब, कारण सापडलंय. बाहेरचे कप. भिमाजीनं ते फोडल्यात. त्या लोकांना बंदी केलीय."

इन्स्पेक्टर भिमाजीकडे वळले. "कप फोडल्यावर कुणी आजारी पडलं नाही?"

भिमाजीनं डोक्याचं पागोटं काढलं, पुन्हा घातलं.

"पडले, साहेब. पाच. ते कप चांगले हुते. माझं घंगाळ वाईट हुतं." मग त्यानं सगळं सांगितलं. खेपा किती, कप किती, हळदीचं फडकंसुद्धा. माझं नाव घेतलं नाही. दगडाबाईचं घेतलं.

मग लंकाबाई उठली.

"मंजी माझा मालक तुज्या आळसानं गेला?"

"व्हय."

"दोन खेपा जास्त मारल्या असत्यास तर?"

"व्हय, बाई."

ती त्याच्याकडे बघत राहिली आणि निघून गेली. आप्पासाहेब म्हणाले, "साहेब, आता तर परवाना रद्दच करावा." इन्स्पेक्टर म्हणाले, "कारण न सांगणाऱ्याचा केला असता." त्यांनी पंधरा दिवस बंद ठेवायला सांगितलं आणि अटी घातल्या. उकळत्या पाण्याशिवाय कप धुवायचा नाही. उघडं काही विकायचं नाही. जिथं अन्न शिजतं त्या छपराखाली एकाही गिऱ्हाइकानं बसायचं नाही.

ते पंधरा दिवस भिमाजीनं काय केलं ते लिहितो, कारण हॉटेलवाल्यांच्या कामाचं तेवढंच आहे.

घंगाळ मोडीत घातलं. मोठा हंडा आणला आणि भट्टीला दुसरं तोंड पाडून तो हंडा पुढं, रस्त्यावरून दिसेल असा चढवला. पाणी आत उकळून उपयोग नाही, असं दगडाबाईचं म्हणणं. ज्याच्यावर संशय आहे त्यानं उघड्यावर काम करावं. शेव आणि भजी बंद केली. चिरून ठेवलेला कांदा बंद. भट्टीवरून उतरेल तेच ताटात, दुसरं काही नाही. चार जिन्नसांचे दोन केले, चहा आणि गरम भाकरी-पिठलं. थोडं करायचं, संपलं की संपलं. पुरवून पुरवून वाढायचं नाही. सांडपाण्याला खड्डा हवा होता. तो आम्ही गँगवाल्यांनी दोन संध्याकाळी खणून दिला, कमरेइतका, तळाला खडी घालून. त्यानं सांगितलं होतं गुडघ्याइतका. गुडघ्याइतका खड्डा आठ दिवसांत भरतो.

बाकडी शेजारच्या कडुलिंबाखाली उघड्यावर आली. कप त्यानं घेतलेच नाहीत. गावभर निरोप दिला, "ज्यानं त्यानं आपला पेला आणावा." हे त्याला सुचलं, का आमच्या कपांचा प्रश्न टाळायला त्यानं काढलं, ते मला कळलं नाही. मार्थाला विचारलं. ती म्हणाली, "दोन्ही आसंल. तुमी पेला घिऊन जावा आन् बघा."

बाजार पुन्हा भरला त्या दिवशी मी सकाळी पेला घेऊन गेलो. भिमाजी कावड खांद्यावर घेऊन ओढ्याकडून येत होता. सहावी खेप होती. खांदा सोलला होता, त्यावर फडकं बांधलं होतं. बाकड्यांवर कुणी नव्हतं. रस्त्यापलीकडं वीस-पंचवीस माणसं उभी राहून हंड्याकडे बघत होती. कुणी पुढं येईना. आप्पासाहेबही होते.

मी बाकड्याशी थांबलो. बसू का, हे विचारायचं नाही, असं ठरवून आलो होतो. बसलो. माझ्यामागं गँगचे तिघे बसले. पलीकडचे दोन जण लगेच वळून निघाले.

"गेले बघा," मी म्हणालो.

"बघितलं." भिमाजीनं माझ्या पेल्यात आधी उकळतं पाणी घातलं, गोल फिरवलं, खड्ड्यात ओतलं. मग चहा. किटलीची तोटी पेल्याच्या काठाला लागली. मी मुद्दाम बघत होतो. त्यानं ती पुसली नाही. पण आमच्या चार पेल्यांवर हॉटेल चालणार नव्हतं, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. आमच्यामुळं बाकीचे येणार नाहीत, हेही कळत होतं.

दुपारपर्यंत असंच चाललं. लंकाबाई रस्त्यापलीकडं भाजी घेऊन बसली होती. तिची नेहमीची जागा दुसरीकडं होती. आज ती हॉटेलाकडे तोंड करून बसली होती. भिमाजी विहिरीकडं निघाला की मान वर करायची, परत आला की मान वर करायची. तिला काय हवं होतं कुणाला कळेना. भिमाजी तिच्याकडे बघत नव्हता, पण प्रत्येक खेपेला डबे काठोकाठ भरून आणत होता.

उन्हं कलती झाली तेव्हा दोन बैलवाले आले. लांबून चालत आले असावेत, पाय धुळीनं भरले होते. त्यातल्या एकानं धोतराच्या सोग्यातून पितळी पेला काढला, हॉटेलाकडे पाहिलं, आम्हाला पाहिलं आणि लंकाबाईपाशी थांबला.

"मावशे, हितं चहा प्यावा का? हितलीच मानसं मेली म्हनत्यात."

"माझाच मेला."

तो गडबडला. जायला वळला.

"थांब," ती म्हणाली. "सकाळधरनं चवदा खेपा झाल्यात. हंडा एकदाबी थंड पडू दिला न्हाई त्यानं. एवढं मी बघितलंय. त्यो मानूस कसा हाय ते मला इचारू नको."

"आन् ते बसल्यात ते?" त्यानं आमच्याकडे बोट केलं.

"ते सकाळी प्याले. जित्ते हायेत की."

बैलवाला हसला. त्याचा सोबती हसला नाही. पण दोघंही रस्ता ओलांडून आले. माझ्या बाकड्यावर नाही बसले, दुसऱ्या बाकड्याच्या पार टोकाला बसले. भिमाजीनं पितळी पेल्यात उकळतं पाणी ओतलं, फिरवलं, खड्ड्यात टाकलं. बैलवाल्यानं पेला परत पुढं केला.

"आजून एकदा धू."

भिमाजीनं पुन्हा धुतला. पलीकडच्या घोळक्यातून आणखी तिघे रस्ता ओलांडू लागले. भिमाजीनं हंड्यात डोकावून पाहिलं, पाणी तळाला गेलं होतं. किटली दगडाबाईच्या हातात देऊन त्यानं कावड उचलली आणि तो विहिरीकडं निघाला.